पट्टा की साखळी? मोटारीच्या अंतरंगातील ताळमेळ

पुण्यातील लग्नसमारंभ आटोपून सांगलीकडे परतणारे एक व्यापारी कुटुंब दिवेलागणीच्या सुमारास खंबाटकीचा घाट चढत होते. गाडी तेरा वर्षांची, परंतु तिची एकूण धाव अवघी एकेचाळीस हजार किलोमीटर. वडिलांनी हौसेने घेतलेली आणि पुढे मुलाने निगुतीने सांभाळलेली. घाटाच्या मध्यावर बॉनेटखाली एकच दबका आवाज झाला आणि इंजिन बंद पडले. स्टिअरिंग जड झाले. ब्रेकचे पेडल दोनदा दाबले गेले आणि तिसऱ्या वेळी दगडासारखे घट्ट लागले. मागून मालट्रकांची रांग येत होती. सुदैवाने गाडी डाव्या कडेला घेता आली. चालकाने सवयीप्रमाणे चार-पाच वेळा किल्ली फिरवली. स्टार्टर नेहमीपेक्षा अधिक मोकळेपणाने गरगरत राहिला. इंजिन मात्र सुरू झाले नाही.

दुसऱ्या दिवशी साताऱ्याच्या एका गॅरेजमध्ये मिस्त्रींनी पुढचे झाकण उघडले आणि पहिलाच प्रश्न विचारला, “शेठ, टायमिंग बेल्ट कधी बदलला होता?”

शेठजींनी गाडीतली फाइल काढली. प्रत्येक बिल तारखेवार लावलेले होते. “हे काय, तीन वर्षांपूर्वीच बदललाय. बिलावर स्पष्ट आहे – बेल्ट, एक नग.”

मिस्त्रींनी बिलावरची रक्कम पाहिली आणि मान हलवली. “एवढ्या पैशांत टायमिंगचा पट्टा येत नाही, शेठ. हा बाहेरचा, अल्टरनेटरचा. आतला पट्टा गाडीबरोबर आला होता, तोच आहे.”

हिशेबाची वही चोख होती. नोंदही खरी होती. चूक एवढीच की, एकाच शब्दाने ओळखल्या जाणाऱ्या दोन वेगळ्या वस्तूंमध्ये फरक केला गेला नव्हता. त्या एका शब्दाची किंमत पुढे सिलिंडर हेडच्या दुरुस्तीने मोजावी लागली. असा प्रसंग कोणत्याही घरावर येऊ शकतो. म्हणूनच हा पट्टा नेमके काय काम करतो, त्याच्या जागी काही गाड्यांत साखळी का असते आणि दोहोंची निगा कशी राखावी, हे समजून घेणे घरातील प्रत्येक वाहनधारकाच्या हिताचे आहे.

दोन फेऱ्यांना एक फेरी

पेट्रोल असो वा डिझेल, मोटारीचे इंजिन चार टप्प्यांत काम करते. पहिल्या टप्प्यात दट्ट्या, म्हणजेच पिस्टन, खाली येतो आणि हवा आत ओढली जाते. दुसऱ्यात तो वर जाऊन ती हवा दाबतो. तिसऱ्यात इंधनाचे ज्वलन होऊन दट्ट्या जोराने खाली ढकलला जातो, आणि चौथ्यात जळका वायू बाहेर टाकला जातो. दट्ट्याच्या या वर-खाली हालचालीचे रूपांतर गोल फिरण्यात करणारा दांडा म्हणजे क्रँकशाफ्ट. चार टप्पे पूर्ण होण्यास त्याच्या दोन फेऱ्या लागतात.

हवा आत येण्याच्या आणि वायू बाहेर जाण्याच्या वाटांवर झडपा, म्हणजे व्हॉल्व्ह, असतात. त्या उघडण्याचे काम कॅमशाफ्ट नावाचा दुसरा दांडा करतो. चार टप्प्यांत प्रत्येक झडप एकदाच उघडायची असल्याने क्रँकशाफ्टच्या दोन फेऱ्यांमध्ये कॅमशाफ्टची एकच फेरी व्हावी लागते. त्यासाठी कॅमशाफ्टच्या चक्राला क्रँकशाफ्टच्या चक्राच्या दुप्पट दाते असतात. या दोन दांड्यांना एकमेकांशी बांधून ठेवणारा दुवा म्हणजे टायमिंग बेल्ट किंवा टायमिंग चेन.

या दुव्यावर किती भार असतो, हे साध्या गणिताने लक्षात येईल. इंजिन मिनिटाला ३००० फेऱ्या घेत असेल, तर क्रँकशाफ्ट सेकंदाला ५० वेळा फिरतो आणि प्रत्येक झडप सेकंदाला २५ वेळा उघडून मिटते. गाडी ताशी ६० किलोमीटर वेगाने, मिनिटाला २००० फेऱ्यांवर धावत आहे असे धरले, तर एका किलोमीटरला २००० फेऱ्या होतात. एक लाख किलोमीटरला हा आकडा २० कोटींवर जातो. या वीस कोटी फेऱ्यांमध्ये दोन्ही दांड्यांचा ताळमेळ एकदाही चुकून चालत नाही. क्रँकशाफ्टच्या चक्राला वीस दाते आहेत असे मानले, तर पट्टा एक दाता सरकणे म्हणजे अठरा अंशांची चूक. तेवढ्यानेही इंजिन थरथरते, ओढ कमी होते आणि इंधन अधिक जळते.

एकाच जागेसाठी दोघांची धाव

आजच्या बहुतेक इंजिनांत अधिक शक्ती आणि कमी इंधन साधण्यासाठी दाबलेल्या हवेची जागा अत्यंत लहान ठेवलेली असते. उघडलेली झडप जिथवर खाली येते, तिथवरच वर आलेला दट्ट्याही पोहोचतो. दोघेही ती जागा वापरतात, परंतु वेगवेगळ्या क्षणी. ताळमेळ टिकून आहे तोवर त्यांची गाठ पडत नाही. पट्टा तुटला की कॅमशाफ्ट जागीच थांबतो, काही झडपा उघड्याच राहतात, आणि वेगात फिरणारा क्रँकशाफ्ट दट्ट्यांना त्यांच्यावर आपटवतो. झडपा वाकतात, कधी त्यांच्या मार्गदर्शक नळ्या तडकतात, दट्ट्यांवर खाचा पडतात. सगळे क्षणार्धात घडते. चालकाच्या हाती काही उरत नाही.

काही जुन्या धाटणीच्या इंजिनांत झडप आणि दट्ट्या यांच्यात पुरेसे अंतर असे. तेथे पट्टा तुटला तर गाडी थांबते, नवा पट्टा बसवला की पुन्हा चालू लागते. मात्र डिझेल इंजिनांत हवा फार दाबावी लागत असल्याने अशी मोकळीक जवळजवळ नसतेच. आपल्या गाडीचे इंजिन कोणत्या प्रकारचे आहे हे ठाऊक नसेल, तर ते पहिल्या, म्हणजे धोक्याच्या, प्रकारातील आहे असे मानून चालणेच शहाणपणाचे.

साखळीचा वारसा

या दोहोंत साखळी वयाने मोठी. स्वित्झर्लंडमध्ये जन्मलेले आणि इंग्लंडमधील मँचेस्टर येथे स्थायिक झालेले अभियंते हान्स रेनॉल्ड यांनी १८८० मध्ये रोलर असलेल्या साखळीचे पेटंट घेतले. सायकलीपासून कारखान्यांतील यंत्रांपर्यंत ती पसरली आणि मोटारीच्या इंजिनातही पोहोचली. आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या वापरल्या गेलेल्या अॅम्बॅसॅडरमध्ये आणि मुंबईत कुर्ल्याच्या कारखान्यात तयार होणाऱ्या प्रीमियर पद्मिनीमध्येही कॅमशाफ्ट साखळीनेच फिरत असे. मालट्रक आणि बस यांच्या मोठ्या डिझेल इंजिनांत सहसा साखळीही नसते. दात्यांची चक्रे एकमेकांत थेट गुंतवलेली असतात. ती जड आणि आवाज करणारी, पण दीर्घायुषी.

साखळी इंजिनाच्या आत, तेलाच्या फवाऱ्यात फिरते. तिला वळण देण्यासाठी प्लॅस्टिकच्या पट्ट्या असतात आणि तिचा ताण राखण्यासाठी टेन्शनर असतो. बहुतेक गाड्यांत हा टेन्शनर इंजिनातील तेलाच्याच दाबावर चालतो. येथेच साखळीच्या आरोग्याचे मर्म आहे. तेल स्वच्छ, योग्य जातीचे आणि पुरेसे असेल, तर साखळी इंजिनाइतकीच टिकते, असे धरून कंपन्या तिच्या बदलाचा कालावधी सहसा देतही नाहीत. तेलाची हेळसांड झाली, तर मात्र हीच साखळी लाख किलोमीटरच्या आत दगा देऊ शकते.

साखळी ‘वाढली’ किंवा ‘ताणली’ असे गॅरेजमध्ये म्हटले जाते. प्रत्यक्षात पोलाद ताणले जात नाही. साखळीच्या प्रत्येक दुव्यात एक पिन आणि तिच्याभोवती एक नळी असते. काजळीने दाटलेले, वेळेत न बदललेले तेल त्या दोहोंमध्ये पॉलिश कागदासारखे घासत राहते. प्रत्येक दुव्यात केसापेक्षाही बारीक झीज होते. परंतु दुवे शेकडा असतात, आणि त्या सर्वांची बेरीज होऊन साखळीची लांबी वाढते. दररोजच्या व्यवहारात पैशा-पैशाची तूट दिसत नाही, वर्षअखेरीस ताळेबंद मांडला की ती डोळ्यांत भरते, तसेच हे.

साखळीचा एक मोठा गुण असा की ती बहुधा आधी सूचना देते. रात्रभर उभी असलेली गाडी सकाळी सुरू करताच एक-दोन सेकंद खडखड असा धातूचा आवाज येतो आणि तेलाचा दाब चढताच तो थांबतो. पुढे पुढे हा आवाज लांबत जातो. इंजिनचा पिवळा दिवाही लागू शकतो. यंत्राने तपासणी केल्यावर पी००१६ असा संकेत दिसला, तर क्रँकशाफ्ट आणि कॅमशाफ्ट यांचा मेळ बिघडल्याची ती खूण असते. हा आवाज ‘थंडीमुळे असेल’ म्हणून सोडून देणे महागात पडते. साखळी बदलण्यासाठी इंजिनाचे पुढचे झाकण, बऱ्याचदा तेलाचे भांडेही काढावे लागते. मजुरी मोठी असते. परंतु साखळीने उडी घेतल्यानंतरच्या खर्चापुढे ती कमीच.

पट्ट्याचे आगमन

दातेरी पट्ट्याचा उगम मोटारीत झाला नाही. १९४० च्या दशकात अमेरिकेत शिवणयंत्राची सुई आणि बॉबिन यांचा मेळ राखण्यासाठी तो प्रथम तयार झाला. शिवणकामात टाका चुकू नये म्हणून शोधलेली वस्तू पुढे इंजिनाचा टाका सांभाळू लागली. तो मोटारीत मोठ्या प्रमाणावर आणण्याचा मान जर्मनीतील बव्हेरियाच्या ग्लास या छोट्या कंपनीकडे जातो. मुळात पेरणीयंत्रांसारखी शेतीची अवजारे बनवणाऱ्या या कंपनीने १९६१ च्या फ्रँकफर्ट प्रदर्शनात आपली १००४ ही गाडी मांडली. तिचा कॅमशाफ्ट दातेरी पट्ट्याने फिरत होता. १९६६ मध्ये बीएमडब्ल्यूने ही कंपनी विकत घेतली. त्याच वर्षी इटलीत, पूर्वी फेरारीसाठी काम केलेले अभियंते ऑरेलियो लॅम्प्रेदी यांनी फियाटसाठी रचलेले दोन कॅमशाफ्टचे इंजिनही पट्ट्यावर धावू लागले. त्यानंतर दोन-तीन दशके जगभरच्या छोट्या गाड्यांत पट्ट्याचेच राज्य होते.

कारणे उघड होती. पट्टा हलका, आवाज जवळजवळ नाही, त्याला तेल लागत नाही आणि तो बनवण्यास स्वस्त. इंजिनाच्या डोक्यावर कॅमशाफ्ट बसवण्याची पद्धत रूढ होत होती. तेथवर लांब साखळी नेण्यापेक्षा पट्टा नेणे सोपे होते.

बाहेरून रबराचा दिसणारा हा पट्टा खरे तर तीन घटकांचा बनलेला असतो. आत काचेच्या तंतूंचे दोर असतात. ओढ तेच सहन करतात आणि म्हणूनच पट्टा लांब होत नाही. त्यावर उष्णता सोसणारे कृत्रिम रबर असते, आणि दात्यांवर नायलॉनच्या विणीचे आवरण असते. काचेचे तंतू ओढीला बळकट, पण दुमडीला नाजूक. म्हणूनच नवा पट्टा हाताने मुडपणे, उलटा वळवणे किंवा स्क्रू-ड्रायव्हरने रेटून बसवणे निषिद्ध मानले जाते. बाहेरून काहीच दिसत नाही, पण आतला तंतू तुटलेला असतो.

पट्ट्याचे शत्रू तीन. पहिला वय. रबर उष्णतेने आणि काळाने कडक होते. गाडी फिरवली काय किंवा उभी ठेवली काय. दुसरा तेल. कॅमशाफ्ट किंवा क्रँकशाफ्टचे सील गळू लागले, तर तेलाचे थेंब पट्ट्यावर पडून रबर फुगते व दाते सुटतात. गळणारा वॉटर पंपही तितकाच घातक. तिसरा शत्रू धूळ आणि खडे. पट्ट्यावरचे प्लॅस्टिकचे झाकण तुटलेले किंवा निम्मेच बसवलेले असेल, तर एखादा लहान खडाही दात्यांमध्ये अडकून पट्टा उडवू शकतो.

साखळीप्रमाणे पट्टा सहसा आवाज करून सावध करत नाही. जुन्या पट्ट्यांवर भेगा दिसत. अलीकडचे सुधारित रबर अखेरपर्यंत गुळगुळीत दिसू शकते. त्यामुळे ‘दिसायला चांगला आहे, अजून वर्षभर चालेल’ हा निर्वाळा कोणी दिला, तरी त्यावर विसंबू नये. पट्टा डोळ्यांनी तपासून नव्हे, तर तारीख आणि किलोमीटर पाहून बदलायचा असतो. कंपनीने दिलेला कालावधी कोठे साठ हजार किलोमीटर, कोठे एक लाख, कोठे त्याहूनही अधिक असतो. त्याच्या जोडीला अनेकदा वर्षांची मर्यादाही असते. दोहोंपैकी जी आधी येईल ती पाळायची. घाटातील त्या गाडीने किलोमीटरची मर्यादा गाठली नव्हती. वर्षांची मर्यादा मात्र केव्हाच ओलांडली होती.

तेलात भिजणारा पट्टा

गेल्या काही वर्षांत एक तिसरा प्रकार आला आहे. इंजिनाच्या आत, तेलात फिरणारा पट्टा. साखळीचा टिकाऊपणा आणि पट्ट्याचा शांतपणा एकत्र साधावा, घर्षण कमी होऊन इंधन वाचावे, हा त्यामागचा हेतू. २०१२ मध्ये आलेल्या फोर्डच्या एक लिटर इकोबूस्ट इंजिनात तो होता. भारतात हे इंजिन इकोस्पोर्टमध्ये आले. अशा पट्ट्याचे रसायन विशिष्ट तेलाशी जुळवलेले असते. चुकीच्या जातीचे तेल घातले किंवा तेलात इंधन मिसळत राहिले, तर पट्ट्याचे कण सुटतात, तेल ओढणाऱ्या जाळीवर साचतात आणि इंजिनाला तेलच मिळेनासे होते. युरोपात अशा पट्ट्यांच्या तक्रारी वाढल्या, आणि पुढे या इंजिनाच्या नव्या आवृत्तीत पट्ट्याची जागा साखळीने घेतली. ज्यांच्या गाडीत असा पट्टा आहे त्यांच्यासाठी तेलाच्या डब्यावरील दर्जाचा क्रमांक पुस्तिकेशी ताडून पाहणे, ही औपचारिकता राहत नाही.

नावावरून ओळखता येत नाही

‘नव्या गाड्यांत साखळी असते, जुन्यांत पट्टा’ असा एक समज आहे. तो अर्धाच खरा. १९८३ मध्ये आलेल्या मारुती ८०० मध्ये पट्टा होता, पहिल्या सँट्रोत पट्टा होता, आणि १९९८ च्या अखेरीस लोकांसमोर आलेल्या टाटा इंडिकाच्या डिझेल इंजिनातही पट्टाच होता. २००५ च्या स्विफ्टचे १.३ लिटर पेट्रोल इंजिन पट्ट्यावर चाले. त्याच नावाच्या गाडीत पुढे आलेले १.२ लिटरचे के-मालिकेतील इंजिन साखळीवर चालते, आणि तिचे १.३ लिटर डिझेल इंजिनही साखळीचेच. मूळच्या इनोव्हाच्या २.५ लिटर डिझेलमध्ये पट्टा, तर २०१६ च्या क्रिस्टाच्या २.४ लिटर डिझेलमध्ये साखळी. येथवर समज बरोबर वाटतो.

परंतु चाकणला तयार झालेल्या पोलोचे उदाहरण उलटे आहे. तिच्या सुरुवातीच्या १.२ लिटर पेट्रोल इंजिनात साखळी होती, आणि नंतर आलेल्या एक लिटरच्या इंजिनांत पट्टा. डस्टरच्या १.५ लिटर डिझेलमध्येही पट्टाच. तात्पर्य, गाडीचे नाव किंवा साल यावरून अंदाज बांधू नये. इंजिनाचा प्रकार, गाडीसोबतची पुस्तिका आणि अधिकृत सेवाकेंद्राकडून चासी क्रमांकावरून मिळालेले उत्तर, हेच खरे पुरावे. विजेवर चालणाऱ्या गाड्यांत झडपाच नसल्याने पट्टा आणि साखळी दोन्ही नसतात. तेथे हा प्रश्नच उद्भवत नाही.

काम करून घेताना

पट्टा बदलण्याची वेळ आली की केवळ पट्टा न बदलता त्याचा पूर्ण संच बदलणे योग्य. टेन्शनर आणि आयडलर यांच्या बेअरिंगांनी पट्ट्याइतक्याच फेऱ्या मारलेल्या असतात. नवा पट्टा जुन्या बेअरिंगवर चढवला आणि सहा महिन्यांत ते जाम झाले, तर नवा पट्टाही तुटतो. ज्या इंजिनात वॉटर पंप याच पट्ट्याने फिरतो, तेथे पंपही सोबतच बदलावा. मजुरी एकदाच पडते. त्याच वेळी पुढची सील तपासून घ्यावीत. एकदाच बसवण्यासाठी बनवलेले बोल्ट असतील तर तेही नवे घ्यावेत. चांगला मिस्त्री पट्टा चढवल्यावर क्रँकशाफ्ट हाताने दोन पूर्ण फेऱ्या फिरवून खुणा पुन्हा जुळतात की नाही हे पाहतो, आणि त्यानंतरच किल्ली लावतो. ही दोन मिनिटे त्याला घेऊ द्यावीत. घाई करू नये.

साखळीच्या गाडीत खर्चाचे स्वरूप वेगळे. तेथे एकरकमी मोठा खर्च सहसा नाही, पण तेलाचा हप्ता चुकवता येत नाही. किलोमीटर भरले नसले तरी वर्षाकाठी तेल आणि फिल्टर बदलावा. शहरात तासन्‌तास वाहतुकीत अडकणाऱ्या गाडीचे इंजिन किलोमीटर न वाढताही चालतच असते. अशा गाडीचे तेल कंपनीच्या मुदतीआधीच बदलणे हितावह. महिन्यातून एकदा तेलाची पट्टी काढून पातळी पाहण्याची सवय लावून घ्यावी. तेल कमी झाले की टेन्शनरचा दाब पडतो, आणि साखळी सैल होते.

जुनी गाडी विकत घेताना ‘फारच कमी चाललेली’ या शब्दांना भुलू नये. दहा वर्षांत पंचवीस हजार किलोमीटर चाललेल्या पट्ट्याच्या गाडीत, बदलाचे स्पष्ट बिल हाती नसेल, तर पट्टा बदलायचाच आहे असे धरून तेवढी रक्कम सौद्यातच वळती करावी. साखळीच्या गाडीत तेलबदलाची बिले पाहावीत आणि गाडी पूर्ण थंड असताना, सकाळी, आपल्यासमोर सुरू करून घ्यावी. विक्रेत्याने आधीच गरम करून ठेवलेली गाडी खडखड लपवते.

रस्त्यात बंद पडल्यास

चालत्या गाडीचे इंजिन अचानक बंद पडले, तर किल्ली काढू नये. स्टिअरिंगला कुलूप बसू शकते. ब्रेकला मिळणारी मदत एक-दोन दाबांपुरतीच शिल्लक असते, म्हणून पेडल वारंवार न पंपता एकदाच भक्कमपणे दाबून धरावे. धोक्याचे दिवे लावून गाडी कडेला घ्यावी, हातब्रेक ओढावा आणि प्रवाशांना रस्त्यापासून दूर उभे करावे. त्यानंतर इंजिन पुन्हा पुन्हा सुरू करण्याचा मोह टाळावा. स्टार्टर नेहमीपेक्षा हलका, मोकळा फिरत असेल, तर पट्टा तुटल्याची शक्यता मोठी. अशा वेळी किल्लीचा प्रत्येक फेरा वाकलेल्या झडपांवर आणखी एक घाव घालतो. धक्का मारून गाडी सुरू करणे तर त्याहून वाईट. टोइंगची गाडी बोलावणे हाच त्या क्षणी सर्वांत स्वस्त मार्ग असतो.

नोंद कशी असावी

साताऱ्यातील त्या गाडीच्या आठ झडपा वाकल्या होत्या. हेड उतरवून पुन्हा बसवेपर्यंत नऊ दिवस गेले, आणि ज्या रकमेत पट्ट्याचा संच अनेकदा बदलता आला असता तेवढी रक्कम एकाच बिलात भरावी लागली. शेठजींनी ते बिल फाइलला लावण्यापूर्वी मिस्त्रींकडून पुन्हा लिहून घेतले. आता त्यावर एक नग बेल्ट असे लिहिलेले नाही. टायमिंग बेल्ट, टेन्शनर, आयडलर, वॉटर पंप, अशी प्रत्येक वस्तू वेगळ्या ओळीत आहे. समोर बदलाची तारीख आणि मीटरवरील किलोमीटरचा आकडा आहे.

त्याच माहितीची एक छोटी चिठ्ठी मिस्त्रींनी बॉनेटच्या आतल्या बाजूस चिकटवली. पुढील बदल कोणत्या वर्षी किंवा किती किलोमीटरवर, हे तिच्यावर ठळक लिहिले आहे. सांगलीला परतल्यावर घरातील दुसऱ्या गाडीचे बॉनेटही उघडले गेले. तिची पुस्तिका शोधली तेव्हा कळले की त्या इंजिनात साखळी आहे, आणि शेवटचा तेलबदल होऊन एकोणीस महिने झाले आहेत. दुसऱ्या दिवशी दुकान उघडण्यापूर्वी ती गाडी गॅरेजला गेली.